सोळा माद्यांचे तपकिरी ठिपके

४ फेब्रुवारी २०२५
ब्राह्मणपारा, रायपूर

दीपमालाताई,

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केला आहे, म्हणून हे पत्र. भनपुरीचा पत्ता ऑफिसातल्या जुन्या फॉर्मवरून घेतला. एकाच गावात राहून टपालाने बोलायची वेळ यावी याचं मला हसू यायला हवं होतं, पण सध्या मला कशाचंच हसू येत नाही.

सरळ कामाचं लिहिते. चांदीने रंगवायच्या कृतीची तुमची वही हवी आहे. सिल्व्हर नायट्रेट किती, कोमट किती वेळ, अंधारात किती वेळ, हे तुम्ही तुमच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं आणि जाताना वही घेऊन गेलात. वही तुमची आहे हे मान्य, पण काम लॅबचं होतं. नव्या मुलीने केलेल्या स्लाइड एकतर कोऱ्या येतात, नाहीतर डांबर ओतल्यासारख्या. मी स्वतः तीनदा करून पाहिलं. बोटं काळी झाली, एवढंच. घरमालकीण विचारत होती की मेंदी बिघडली का.

गेल्या आठवड्यात प्रबंधाआधीचं सादरीकरण झालं. बाहेरून आलेल्या बाईंनी मला शाळेतल्या मुलीसारखं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं की मादी उंदराच्या गर्भाशयाला दोन लांब शिंगं असतात. ज्या कडेने ती पातळ पडद्याला टांगलेली असतात, त्याच कडेने रक्तवाहिन्यांबरोबर चेता आत शिरतात. सोळा निरोगी माद्या घेतल्या, सोळा माद्यांना मधुमेह केला आणि चांदीने रंगवून चेतातंतू मोजले. निरोगी सोळांत ते भरपूर, मधुमेही सोळांत जवळजवळ निम्मे. निष्कर्ष असा की मधुमेह गर्भाशयाच्या चेता खातो. माझे मार्गदर्शक म्हणून यशोधन सर मागे बसून मान डोलावत होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, फोटो बाजूला सारून स्लाइडच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि विचारलं, "मधुमेही माद्यांच्या कापांत कडेला हे तपकिरी ठिपके कसले?"

मी म्हटलं, रंगातली घाण. आमच्या तंत्रज्ञ निष्काळजी होत्या, त्या आता नाहीत.

त्या म्हणाल्या, मग स्वच्छ रंगवून दाखवा आणि प्रबंध द्या. माझी मुदत दोनदा वाढवून झाली आहे. ३१ मार्चला नोंदणीच संपते. त्यानंतर सात वर्षांचं काम पाण्यात. तेव्हा वही पाठवा. मूळ नको, झेरॉक्स चालेल.

तुमच्या रंगकामाबद्दल मी तक्रार केली हे खरं आहे. तुमचं कंत्राट मी काढलं नाही, ते ऑफिसने वाढवलं नाही. हा फरक तुम्ही लक्षात घ्यावा.

ओवी


१५ फेब्रुवारी

दीपमालाताई,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टमनने ते घरमालकिणीला वाचून दाखवलं आणि मग मला दिलं, त्यामुळे आता अख्ख्या ब्राह्मणपाऱ्याला माहीत आहे की मी बरण्यांमध्ये काहीतरी ठेवते.

तुम्ही लिहिता: "मॅडम, नवीन रंग बनवू नका. रंग बरोबरच होता. मधुमेहवाल्या माद्यांचे उरलेले तुकडे फॉर्मलिनच्या बरण्यांत आहेत. ते बाहेर काढून उघड्या डोळ्यांनी पाहा. मी तेव्हाच सांगितलं होतं. जय भीम."

वहीचा उल्लेखही नाही. मी मागितलं काय आणि तुम्ही दिलं काय. तुमची ही सवयच होती. कुणी काही विचारलं की तुम्ही आधी काप उजेडाकडे धरायचात, मग माणसाकडे बघायचात, आणि मग भलतंच उत्तर द्यायचात. तोवर विचारणाऱ्याचा जीव जायचा.

आणि "तेव्हाच सांगितलं होतं" म्हणजे काय? जूनमध्ये तुम्ही काहीतरी पुटपुटलात हे मला अंधुक आठवतं. लॅबमध्ये कूलरचा एवढा आवाज असतो. मी मोजणीत होते. ज्याला महत्त्वाचं सांगायचं असतं तो माणूस नीट समोर बसून सांगतो, लिहून देतो. तुम्ही तसं केलं नाहीत, तर दोष माझा कसा?

बरण्या बघायला मला वेळ नाही. सर रोज विचारतात, "ओवी, किती झालं?" मी रोज म्हणते, होतंय. काही होत नाहीये. काल मी मधुमेही माद्यांचे काप नवी रसायनं आणून, नव्या काचेवर, गाळलेल्या पाण्याने पुन्हा रंगवले. या वेळी रंग बरा बसला. चेता स्वच्छ काळ्या आल्या.

ठिपके तिथेच आहेत. त्याच कडेला, तेवढेच तपकिरी.

म्हणजे रसायनं जुनी नव्हती, एवढंच यातून सिद्ध होतं. बाकी काही मी अजून मानलेलं नाही.

ओवी


२४ फेब्रुवारी

दीपमालाताई,

बरण्या काढल्या.

बरणी उघडली की डोळे चुरचुरतात, म्हणून खिडकीपाशी बसले. शिंगाचा तुकडा काचेवर ठेवला आणि ओल्या कापसाने पुसला. भिंग लागलंच नाही. टांगलेल्या कडेला ओळीने डाग होते, ठरावीक अंतर सोडून. एका शिंगावर सहा, दुसऱ्यावर पाच. पुढच्या मादीला सात आणि चार. सोळापैकी सोळाही माद्यांना. मग मी निरोगी माद्यांच्या बरण्या काढल्या. त्यांच्यात एकही डाग नाही.

तरी माझं समाधान झालं नाही. मनाची सोय किती असते बघा. मी कापांवर लोहाची परीक्षा केली. चांदीची घाण असती तर तशीच राहिली असती. ठिपके निळे झाले. म्हणजे ते जुनं रक्त आहे. जिथे जिथे एकेक पिल्लू चिकटलं होतं, तिथे वार सुटल्यावर राहिलेलं. या माद्यांची बाळंतपणं होऊन गेली होती.

आणि आपल्या विषयातल्या कुणालाही हे पाठ असतं की गाभण मादीच्या गर्भाशयातल्या चेता दिवस भरत येतात तशा विरत जातात आणि पिल्लं झाल्यावर सावकाश परत येतात. मग माझ्या सोळा माद्यांमध्ये चेता कमी का, मधुमेहामुळे की बाळंतपणामुळे? हे आता कुणीही सांगू शकत नाही. मीही नाही.

मी तडक ॲनिमल हाउसमध्ये गेले. श्यामराव पिंजरे धूत होते. मी आवाज चढवूनच सुरुवात केली की अप्रसूत माद्या मागितल्या असताना पिल्लं झालेल्या कशा दिल्या. ते हात पुसत आत गेले, फाइल घेऊन आले आणि कागद माझ्यासमोर धरला.

"मॅडम, पयल्या खेपेले तुमी लिवलं होतं, पिल्लं न झालेल्या माद्या. मी तशाच देल्ल्या. दुसऱ्या खेपेच्या कागदावर काय लिवलं हाय ते तुमीच वाचा."

वाचलं. मधुमेह करायच्या त्या खेपेसाठी लिहिलं होतं: मादी, सोळा, वजन दोनशे ग्रॅम. खाली माझी सही. पहिल्या मागणीपत्रात होती ती अट दुसऱ्यात मी लिहिलीच नव्हती. सर घाई करत होते, मी उभ्या उभ्या फॉर्म भरला होता.

"मादी मांगतली, मादी देल्ली," श्यामराव म्हणाले. "वजन पन बराबर देल्लं. कमी भरलं असन तर बोला."

वजन कमी भरलं नव्हतं.

म्हणजे चूक माझी आहे. लिहायला चार शब्द लागले आणि पेन हातात घेऊन बसायला संध्याकाळ. तुम्ही सांगितलं होतं, हेही मान्य. घाईघाईत सांगितलंत, पण सांगितलंत. दहा वर्षं तुम्ही आधीच्या मॅडमांकडे गाभण उंदरांवर काम केलं होतं, तुम्हाला ते दिसणारच. मी ते लक्षात घ्यायला हवं होतं.

हे अजून कुणालाही सांगितलेलं नाही. आजच ऑफिसात तुमच्याबद्दल एका दुसऱ्या संस्थेचं पत्र आलं. तुम्ही तिथे कायम जागेसाठी अर्ज केला आहे आणि २१ मार्चला मुलाखत आहे. त्यांनी विचारलं आहे की कंत्राट का वाढवलं नाही. उत्तरासोबत फाइलमधली माझी तक्रार जोडणार, असं बाबू म्हणाला. मी त्याला थांबायला सांगितलं आहे. किती थांबेल माहीत नाही.

तक्रार मागे घ्यायची तर ठिपके घाण नव्हते हे लिहावं लागेल. ते लिहिलं की सोळा माद्या गेल्या, प्रबंध गेला. नव्या माद्या, नवा मधुमेह, नवे काप, याला आठ महिने. माझ्याकडे पाच आठवडे आहेत. मी काय करावं असं मी तुम्हाला विचारत नाहीये. मला फक्त कुणाला तरी सांगायचं होतं आणि ज्याला हे सगळं न समजावता कळेल असं माणूस तुम्ही एकटंच आहात. याचाही मला राग येतो.

ओवी


४ मार्च

दीपमालाताई,

चांगली बातमी आहे. सोबतचा कागद वाचा.

मी सरांना सगळं सांगितलं. मागणीपत्र, बरण्या, निळे ठिपके. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले की विज्ञानात एवढं काटेकोर कुणीच नसतं, की मधुमेहाचा काहीतरी परिणाम असणारच, की बाहेरच्या बाईंना आपण फोटोची फक्त मधली पट्टी दाखवू. आणि तुमच्याबद्दल म्हणाले, "तिचं नुकसान व्हायला नको." त्यांनी स्वतः मजकूर सांगितला, मी टाइप केला. "श्रीमती दीपमाला यांच्या रंगकामाबाबत दिलेली तक्रार गैरसमजातून झाली होती. ती मागे घेण्यात येत आहे."

दोघींचं भागतं. तुमची फाइल साफ होते, माझा प्रबंध जातो. जातो म्हणजे जमा होतो. तुम्हाला पटलं तर मागच्या बाजूला सही करून कागद परत पाठवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रकरण मिटल्याची नोंद होईल. बाबूला तसा कागद हवा आहे.

मला माहीत आहे, तुम्हाला हे पुरेसं वाटणार नाही. पण थोडा माझ्याही बाजूने विचार करा. सात वर्षं मी या गावात उंदरांच्या वासात काढली. पुण्याच्या मैत्रिणी मला फोन करून विचारतात, अजून तेच चालू आहे का? आईने विचारायचं सोडून दिलं आहे, ते जास्त लागतं. मी वाईट नाही, ताई. मी थकले आहे.

सही करा, एवढंच.

ओवी


११ मार्च

दीपमालाताई,

कागद परत आला. मागे सही नाही, एक ओळ आहे. "गैरसमज कोणाचा झाला ते लिहिलं नाही."

मी इतकी चिडले की स्कूटर काढून थेट भनपुरीला आले. रस्ताभर ट्रकांच्या मागे धूर खात तुम्हाला ऐकवायची वाक्यं तयार केली. तुम्ही दार उघडलंत आणि त्यातलं एकही आठवलं नाही. तुम्ही आत बसवलंत, पाणी दिलंत. तुमच्या आईंनी, भीमाबाईंनी, मला ओळखलं नाही, "कोन आली व?" असं विचारलं आणि तुम्ही त्यांना म्हणालात, "ऑफिसातल्या मॅडम आहेत, माय." बस, इतकंच. नोकरी गेल्याचं त्यांना तुम्ही सांगितलेलंच नाही हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुम्ही अजूनही रोज सकाळी डबा घेऊन निघता का आणि कुठे जाता, हे मी विचारलं नाही.

पुढचं मी लिहून ठेवते, कारण तुम्ही जे बोललात ते मला नंतर सोयीचं करून आठवायचं नाही.

मी म्हटलं, "नोकरी मिळेल एवढं त्या कागदात आहे. अजून काय हवंय तुम्हाला?"

तुम्ही म्हणालात, "मॅडम, नोकरी मले मिळन नाही मिळन. तुमी मले भांडखोर म्हटलं असतं, उशिरा येते म्हटलं असतं, तर मी सोडून देल्लं असतं. तुमी माह्या हाताले खराब म्हटलं. बारा वर्सं झाले, मी हेच करून राहिली. हे काम मी कोनत्या कॉलेजात नाही शिकली, हात जाळून शिकली. आता तिथं मुलाखतीत मले विचारतीन, तुमच्या स्लाइडमंदी घाण काहून होती? मी काय सांगू, गैरसमज होता?"

मी म्हटलं, "खरं लिहिलं तर माझी पीएचडी जाते."

"हव," तुम्ही म्हणालात. "जाते."

तुमच्या आवाजात राग असता तर मला भांडता आलं असतं. तुम्ही रिकामा पेला उचललात आणि आत गेलात. मी परत येताना गोल बाजारात उगाच थांबले, एक स्टीलचा डबा घेतला, मला नको असलेला. आता तो टेबलावर आहे आणि मी त्याच्याकडे बघत तुमच्यावर चिडते आहे. तुम्ही असं मागता की नाही म्हणायला जागाच राहत नाही. सर बरे, त्यांना नाही म्हणता येतं. असं मला वाटलं होतं, पण त्यांनाही मी सात वर्षांत एकदाही नाही म्हटलेलं नाही.

मला अजून काही ठरवता येत नाही. आले होते ते भांडायला, हे मात्र खरं.

ओवी


१९ मार्च

दीपमालाताई,

सोबत तक्रार मागे घेण्याच्या माझ्या अर्जाची प्रत आहे. एक प्रत इथल्या ऑफिसात दिली, एक विद्यापीठात, आणि तिसरी मी स्वतः तुमच्या मुलाखतीच्या संस्थेत नेऊन दिली. तिथल्या बाईंनी माझ्यासमोर तुमच्या अर्जाला जोडली. सही घेतली आहे. शुक्रवारी तुम्ही गेलात की तो कागद तिथे असेल.

सरांना आधी दाखवला. त्यांनी वाचला आणि मला बसायलाही सांगितलं नाही. म्हणाले, "ओवी, हे दिलंस तर माझ्या खोलीत पुन्हा येऊ नकोस." मी विचारलं, "सर, यात खोटं काय आहे?" ते म्हणाले, "खोटं काही नाही, म्हणूनच म्हणतोय." मग मी ऑफिसात जाऊन शिक्का मारून घेतला. बाबूने विषयाच्या रकान्यात काय लिहू असं विचारलं. मी म्हटलं, तक्रार खोटी असल्याबाबत. तो दोनदा वर बघून मग लिहू लागला.

नोंदणी ३१ तारखेला संपेल. पुन्हा मिळेल की नाही ते विद्यापीठ ठरवेल, पण तिथल्या माणसाचा चेहरा बघून मी फार आशा ठेवलेली नाही. मला याचं फार वाईट वाटतं आहे. हे तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही, पण मी चांगलं वाटतंय असं लिहिलं तर ते खोटं होईल. काल आईला फोन करून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, जेवलीस का. मी फोन ठेवून खूप रडले.

तुम्हाला परत या असं मी म्हणणार नाही. बोलवायला आता माझीच तिथे जागा नाही. वहीही नको.

एक गोष्ट मी या सगळ्या पत्रांत वळसे घालून लिहीत आले. कूलरचा आवाज होता, तुम्ही पुटपुटलात, तुम्ही घाईत होतात. तसं काही नव्हतं. जूनमधल्या त्या दिवशी वीज गेलेली होती, कूलर बंद होता. तुम्ही माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसलात, काप माझ्या पुढ्यात ठेवलात आणि बोट लावून म्हणालात, "मॅडम, हे रंगाचे डाग नाहीत. या माद्यायले पिल्लं होऊन गेले हायेत. तुमी बरनी काढून पाहा." मी तुमच्याकडे न बघता म्हटलं की तुम्ही रंगवायचं काम करा, वाचायचं मी करते. नंतर तुम्ही गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि बरणी काढली. फेब्रुवारीत नाही, त्याच दिवशी, जूनमध्ये. डाग मोजले, बरणी जागेवर ठेवली, फोटोंच्या कडा कापल्या, आणि आठ आठवड्यांनी तुमच्याविरुद्ध तक्रार लिहिली. श्यामरावांवर मी ओरडले तेव्हाही मला माहीत होतं. सरांनाही मी हे सांगितलं नव्हतं.

हे अर्जात तिसऱ्या परिच्छेदात आहे, तारखेसकट. मुलाखतीत कुणी ठिपक्यांबद्दल विचारलं तर ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवा.

ओवी